पिल्लू दत्तक देताय? आधी घर बघा

दोन वर्षांपूर्वी मी एक लॅब्रेडॉर कुत्री फोनवरच्या गोड बोलण्यावर देऊन टाकली, चार महिन्यांनी कळलं की तो माणूस तिच्यापासून पिल्लं काढून विकणार होता, कशीबशी परत आणली. तेव्हापासून घर बघितल्याशिवाय देतच नाही.

फोनवर सरळ विचारा, भाड्याचं घर आहे का, मालकाला चालतं का, गावी जाताना कुत्र्याला कोण बघणार. "मुलीच्या बड्डेला सरप्राईज" म्हणाले की मी तिथेच थांबते. मग घरी जाच, गॅलरीला जाळी आहे का बघा (मांजरासाठी तर हवीच), सासूबाईंशी पण बोला कारण दिवसभर त्याच घरी असतात. आधीचा कुत्रा कुठे गेला हे नक्की विचारा, उत्तर देताना नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा.

आधारची झेरॉक्स घ्या, साध्या कागदावर लिहून सही घ्या, की नाही जमलं तर आम्हालाच परत द्यायचं. जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्यांदा दंड फक्त १० ते ५० रुपये, म्हणून कायद्याच्या भरवशावर राहू नका.

रेस्क्यूवाल्यांनी पण नियम पाळा. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका, मोठं असेल तर नसबंदी करूनच द्या, लसीचं कार्ड सोबत द्या आणि आजार असेल तर लपवू नका. नंतर पहिला महिनाभर दर रविवारी व्हिडिओ कॉल, फोटो नको, फोटो जुनापण पाठवतात.