मॉडेल रेल्वेसाठी जुने क्रॉसिंग बोर्ड

अमेरिकन लेआउट १९४० चा, पण फाटकावरचे बोर्ड आजचे, हे फार खटकतं. बोर्डांच्या रेडिमेड सेटवर जाऊ नका, जुन्या फोटोंवरून स्वतःच बनवा.

१. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर १९३५–४४ चे सरकारी फोटो फुकट आहेत, त्यात राज्याचं नाव आणि ‘रेलरोड क्रॉसिंग’ टाकून शोधा, आणि मोठ्यातली मोठी फाइल उतरवा, झूम केल्यावर अक्षरांचं वळण, खांबाचे पट्टे, काचेची चमकणारी बटणं सगळं दिसतं, बघतच राहावं असं!

२. बोर्डाच्या मापासाठी फोटोतलं रुळांमधलं अंतर धरा. खरं १४३५ मिमी, एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या १/८७ आकाराचं मॉडेल) १६.५ मिमी.

फक्त बोर्ड आणि रूळ कॅमेऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर हवेत, नाहीतर माप चुकतं.

आणि हो, १९५४ आधीचा स्टॉप बोर्ड बहुतेक पिवळा असायचा, लाल नको.