क्रोमचे भाग: आधी क्रोम उतरवा, मग चिकटवा

1/12 प्रमाणातल्या (खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याच्या) मोटरसायकलच्या प्लास्टिक मॉडेल किटमध्ये सायलेन्सर बहुधा दोन अर्ध्या तुकड्यांत येतो, तोही क्रोम चढवलेला. तसाच चिकटवला तर जोड टिकत नाही. मॉडेलचा सिमेंट (प्लास्टिक चिकटवायचा द्रव) प्लास्टिक विरघळवून जोड धरतो आणि इथे मध्ये क्रोमचा थर आड येतो. शिवाय मधली फट आणि स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) कापल्याची पांढरी खूण चमकत्या भागावर लगेच डोळ्यात भरते.

म्हणून सगळे क्रोम काढा. कपड्यांचे साधे ब्लीच प्लास्टिकच्या डब्यात घेऊन भाग बुडवा. कधी पाच-दहा मिनिटांत, कधी काही तासांत चमक निघून जाते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा दुसरे कुठलेही आम्ल अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. खाली कधीकधी पारदर्शक वार्निशचा थर उरतो. तोही जोडाच्या कडांवरून खरवडावाच लागतो.

भाग साबणाने धुवा, चिकटवा, एक दिवस वाळू द्या. मग फट 600 आणि 1000 नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासा. त्यावर चकचकीत काळा रंग. तो आरशासारखा बसला नाही तर वरचे क्रोम राखाडी दिसणार, हे नक्की. क्रोमचा रंग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या यंत्राने) 12 ते 15 पीएसआय दाबावर, अगदी पातळ थरांत मारा. वरून क्लिअर (पारदर्शक वार्निश) मारायचा मोह टाळा, चमक मरते.

हेडलाइटचा रिफ्लेक्टर आणि आरसे मात्र किटच्याच क्रोमवर सोडा. तिथे फक्त चिकटवायच्या जागेपुरते क्रोम ब्लेडने खरवडले की पुरे.