विजेच्या लाइनशिवाय, केमिकलशिवाय घरच्या रानात स्ट्रॉबेरी कशी लावायची

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, जावळी या पट्ट्यात स्ट्रॉबेरी म्हटलं की मल्चिंग पेपर, ड्रिपमधून विद्राव्य खतं आणि दर आठवड्याला फवारणी, असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण घरच्या माणसांनी सांभाळायचं एक-दोन गुंठ्याचं रान असेल आणि लाइट पोचलीच नसेल तरी हे पीक नैसर्गिक पद्धतीने मस्त येतं, फक्त निम्मी मेहनत लागणीच्या आधी करावी लागते. एकदा बेड चुकला की मग वरून कितीही अर्क मारा, उपयोग नाही.

तर आधी जागा. पाणी न साचणारी, लाल, भुसभुशीत, दिवसभर ऊन असलेली. आदल्या हंगामात तिथे टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा असेल तर ती जागा सोडा, मर रोगाची बुरशी मातीत राहते आणि ती स्ट्रॉबेरीलाही लागते. पावसाळ्यात ताग पेरून फुलावर यायच्या आत गाडला तर फारच छान. मग सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरला की साधारण तीन फूट रुंद आणि फूटभर उंच गादीवाफे करा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत, गांडूळखत आणि शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळा. ताजं शेण अजिबात नको, मुळं जळतात.

रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायची, नर्सरीतनं खात्रीची घ्या. स्वीट चार्ली ही जात लवकर येते आणि गोड, विंटर डॉन ही जातही आपल्याकडे बरीच लावतात. एका वाफ्यावर दोन ओळी, फूट-फूट अंतर, झिगझॅग, म्हणजे गुंठ्याला साडेपाचशे-सहाशे रोपं बसतात. लागण ऊन उतरल्यावर करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्राऊन. पानं जिथून फुटतात तो जाडसर भाग बरोबर मातीच्या पातळीला आला पाहिजे, खाली गाडला गेला तर सडतो आणि वर राहिला तर मुळं उघडी पडून रोप वाळतं. घाईत लावणारा माणूस इथेच फसतो, म्हणून प्रत्येक रोप बसवल्यावर एकदा बोटाने चाचपून बघा, आणि दोन-तीन दिवसांनी पाण्याने माती बसली की परत एक चक्कर मारा.

पाण्यासाठी मोटार लागतेच असं नाही. झऱ्याचं पाणी वरच्या अंगाला टाकीत घ्या, नाहीतर दिवसा छोट्या सोलर पंपाने टाकी भरा, आणि पाच-सहा फूट उंचीवरून साधी ड्रिप चालवा. प्रेशर कमी असतं त्यामुळे लाइनी छोट्या ठेवा, दहा-बारा मीटरच्या पुढे नको, नाहीतर शेवटची रोपं उपाशी राहतात, आणि फिल्टर दर दोन दिवसांनी धुवा. जीवामृत ड्रिपमधून सोडूच नका, छिद्रं बुजतात; मगाने बुंध्याजवळ ओता. जीवामृताचं प्रमाण एकरी २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं असतं, गुंठ्याला त्याचा चाळिसावा भाग म्हणजे पाचेक लिटर पुरतं.

रोपं रुजली की भाताचा पेंढा किंवा वाळलेलं गवत दोन-तीन इंच जाड अंथरा, क्राऊन मात्र मोकळा ठेवा. ओल टिकते, तण दबतं, फळ मातीला टेकत नाही. फक्त पेंढ्याखाली गोगलगायी लपतात, त्या सकाळी वेचायच्या. सुरुवातीची फुलं खुडा, मन होत नाही पण खुडा, आधी रोपाला अंग धरू द्या. रनर, म्हणजे रोपातून जमिनीलगत सरपटत निघणारे लांब धुमारे, फुटले की तेही काढत जा.

डिसेंबर-जानेवारीत हिम पडायची शक्यता वाटली तर रात्री जुन्या साड्या कमानींवर टाका. फुलाचा मध्य काळा पडला की ते फळ गेलंच समजा. फेब्रुवारीत कोरडं ऊन वाढलं की पानाखाली लाल कोळी येतो, तेव्हा आधी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा आणि मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल रिठ्याच्या पाण्यात फेटून. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी पावडर दिसणाऱ्या बुरशीसाठी, आंबट ताक पातळ करून फवारा. कुजकं फळ दिसलं की लगेच उचला आणि रानाबाहेर टाका, बुरशी त्याच्यावरूनच पसरते.

फवारणी कायम संध्याकाळी, कारण सातेरी मधमाश्या दिवसभर फुलांवर असतात आणि परागीकरण अर्धवट झालं की फळ वाकडंतिकडं येतं. महाबळेश्वरजवळचं मांघर तर मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, तेव्हा माश्यांची किंमत आपल्या भागाला वेगळी सांगायला नको. जमलं तर रानाकडेला एक पेटी ठेवाच.

तोडणी पहाटे, फळ गार असताना, देठासकट. तोडल्यावर स्ट्रॉबेरी गोड होत नाही, म्हणून घरी खायला आणि जवळ विकायला पूर्ण लाल झाल्यावरच काढा. फ्रीज नाही त्यामुळे सकाळचा माल दुपारपर्यंत गिऱ्हाइकाकडे गेलाच पाहिजे, दोन-चार ठरलेली घरं किंवा रस्त्यावरचा स्टॉल आधीच बघून ठेवा. बारकी, वाकडी फळं त्याच दिवशी चुलीवर साखर आणि लिंबू घालून जॅमसाठी लावा.