पत्र्याखालच्या खोलीसाठी रद्दीचा थर

उद्यमनगरातलं शेड असो की घरावरची पत्र्याची खोली, एप्रिलमध्ये आत बसवत नाही. पत्रा आणि फॉल्स सिलिंगच्या मधल्या पोकळीत रद्दीच्या कापसाचा चारेक इंच थर पसरा, उष्णता बरीच अडते.

कागद साधा वर्तमानपत्राचा घ्या, गुळगुळीत पुरवण्या नकोत. बारीक फाडून मिक्सरमधून कोरडाच फिरवा (हा मिक्सर स्वयंपाकाला परत वापरू नका), म्हणजे राखाडी, फुगीर कापूस होतो. दहा किलो कागदाला टाकणखार आणि बोरिक पावडर मिळून दोनेक किलो चोळा. यात कंजुषी नकोच: टाकणखार ज्वाळा रोखतो, बोरिक आतली धुमस, शिवाय वाळवीही लांब राहते. मूठभर मिश्रण अंगणात नेऊन काडी लावा. काळं पडून विझलं तर ठीक. जळत राहिलं तर पावडर कमी आहे. काम करताना मास्क, हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा.

दिवे आणि वायरच्या जोडांभोवती जागा मोकळी सोडा. आणि आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता आधी पत्र्याचे खिळे, वायसर तपासून गळती बंद करा. भिजलेला थर दबतो, बुरशी धरतो, मग काढून टाकावाच लागतो.