तालुक्याच्या वाचनालयात फुकटात काय मिळतं अन् ते मागायचं कसं

आपल्याकडं वाचनालय म्हणलं की रिटायर मास्तर लोकांचा पेपर वाचायचा अड्डा, एवढंच डोक्यात बसलेलं असतंय. मी परभणीत शिकायला असताना दोन वर्षं रोज त्या दारावरून गेलो अन् आत पाय टाकला नाही, शेवटी गेलो ते पण मे महिन्यात रूमवरची लाईट गेली अन् तिथं पंखा फिरताना दिसला म्हणून.

तर पहिली गोष्ट, आत बसून पेपर-मासिकं वाचायला मेंबर व्हावं लागत नाही. दैनिकं, रोजगार समाचार, लोकराज्य, काय पाहिजे ते घ्या अन् बसा. फक्त वेळ बघून जा, बरीच वाचनालयं सकाळी अन् संध्याकाळीच उघडी असतात, दुपारी कुलूप. पैसे लागतात ते पुस्तक घरी न्यायला, म्हणजे अनामत अन् महिन्याची वर्गणी. अनामत परत मिळते पण पावती दाखवावी लागते, अन् मी शहाण्यानं ती पावती पुस्तकातच खूण म्हणून घातली अन् पुस्तक जमा करून मोकळा झालो.

लाजायचं काही कारण नाही. पाटीवर 'शासनमान्य' अन् शेजारी अ, ब, क नाहीतर ड वर्ग लिहिलेलं असतं, ते १९६७ च्या ग्रंथालय कायद्यातून आलंय, अन् त्या वर्गावर सरकारी अनुदान ठरतं, म्हणजे आपलाच पैसा त्यात जातो. ड वर्ग म्हणजे बहुतेक एक खोली अन् चार कपाटं, तिथं जास्त अपेक्षा ठेवू नका. जिल्ह्याच्या गावी शासकीय ग्रंथालय असतं, संभाजीनगरला विभागीय आहे, मोठं काम असलं तर तिकडं जा.

आता खरी मजा मागण्यात आहे. कपाटाला कुलूप दिसलं म्हणून परत फिरू नका, ग्रंथपालांना विचारा, पण 'सर अमुक पुस्तक आहे का' असं विचारलं तर 'नाही' म्हणून विषय संपतो. त्यापेक्षा 'सर, मला निजामाच्या काळातल्या जमिनीच्या पद्धतीवर वाचायचंय, काय काय आहे' असं विचारा, मग ते उठतात, चष्मा लावतात अन् दोन गॅझेटियर (म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ), एक जुना दिवाळी अंक असं काहीबाही टेबलावर आणून ठेवतात.

जुन्या पेपरच्या फायली तर लोकांना माहीतच नसतात. आमच्या शेजारच्या काकांना जमिनीच्या भानगडीत पेपरात छापलेली एक जाहीर नोटीस पाहिजे होती अन् तारीख काय, तर 'पोळ्याच्या आसपास'. आम्ही तीन संध्याकाळी बसून पानं उलटली, बोटं काळी झाली, अन् नोटीस सापडली ती दसऱ्याच्या आठवड्यात. सगळीकडं फायली ठेवत नाहीत, काही ठिकाणी रद्दीत जातात, म्हणून आधी विचारा किती वर्षांच्या आहेत.

एमपीएससीवाल्या पोरांनी अभ्यासिका आहे का ते बघावं, कुठं फुकट असते, कुठं थोडे पैसे घेतात, तरी खासगीपेक्षा परवडतं. बॅग ठेवून जागा धरू नका, सगळी भांडणं त्याच्यावरूनच होतात. हवं ते पुस्तक नसलं तर मागणीच्या वहीत लिहा, पण दिवाळीच्या आसपासच लिहा कारण आमच्याकडं खरेदी मार्चच्या आत उरकायची घाई असते. दरवर्षी जिल्ह्यात ग्रंथोत्सव होतो, त्याची तारीख पण तिथंच कळते. अन् घरबसल्या पाहिजे असेल तर मराठी विश्वकोश अन् आयआयटी खरगपूरवाल्यांचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, दोन्ही मोबाईलवर फुकट.

जाताना वाचकांच्या वहीत सही करायला विसरू नका, तपासणीला आलेले साहेब ती वही बघतात. वहीला सुतळीनं बांधलेला पेन असतो पण तो चालत नाही, स्वतःचा न्या.