बांगड्याच्या पोटात दुधाची पिशवी (फोटो एडिटिंग शिकायला एक चित्र)

प्रदूषणावर आर्ट म्हटलं की सगळे आधी पृथ्वी वितळवतात, ते सोडा. घरातलंच घ्या. एक पोट चिरलेला बांगडा, आणि आठवडाभर साठवलेले दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, शाम्पूचं पाऊच, बाटलीची झाकणं. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तरी हे आपल्या डब्यात रोज पडतंच.

हे तुकडे माशाच्या पोटात आहेत असं दाखवायचंय, तर दोन्हीचे वेगवेगळे फोटो एकाच खिडकीपाशी काढा, उजेड एकाच बाजूने, मोबाइल तेवढ्याच उंचीवर, फ्लॅश बंद. इथे आळस केला तर पुढे कितीही घासा, चिकटवलेलंच दिसतं, मी दोन रात्री घालवल्यात त्यात. फोटो झाला की मासा लगेच तव्यावर, त्याला कशाला वाया घालवायचा.

सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, फोटोपी ब्राउझरमध्ये फुकट चालतं, लॅपटॉप असेल तर गिम्प. खाली मासा, वर प्रत्येक तुकडा वेगळ्या लेअरवर (म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर). जास्तीचा भाग इरेझरने पुसायचा नाही, लेअर मास्क लावा: काळ्या ब्रशने लपतं, पांढऱ्याने परत येतं, म्हणजे चुकलं तरी काही बिघडत नाही. मास्कवर मऊ ब्रश घेऊन तुकड्यांच्या कडा मांसाखाली दाबल्यासारख्या करा.

आता सावली, खरा खेळ इथेच आहे. नवीन लेअर, मोड मल्टिप्लाय (खालचं चित्र गडद करणारा), रंग काळा नको, माशाच्याच गडद भागातला तपकिरी-लाल उचला, ऑपॅसिटी (लेअरचा दाटपणा) ३० टक्क्यांच्या आसपास, आणि तुकडा जिथे टेकतो तिथे थोडं जास्त. पाऊचचा रंग फार भडक दिसत असेल तर सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) खाली आणा. मग चित्र आडवं फ्लिप करून बघा, डोळ्याला सवय झालेली चूक पटकन दिसते. आणि तुकडे पाच-सहाच ठेवा, जास्त भरले की सरकारी पोस्टर होतं.

खऱ्या माशांत सापडतं ते बहुतेक मायक्रोप्लास्टिक, ५ मिलिमीटरपेक्षा लहान, ते फोटोत कुणाला दिसणारच नाही म्हणून आपण मोठं करून दाखवतोय. त्यामुळे चित्रावरच, कोपऱ्यात नीट वाचता येईल असं, 'एडिट केलेलं चित्र' लिहा, कॅप्शनमध्ये नको कारण फॉरवर्ड होताना कॅप्शन गळतं आणि मग व्हॉट्सअॅपवर 'बघा बाजारात कसले मासे विकतात' म्हणून फिरतं, आणि शिव्या बसतात कोळीण मावशीला.