तिसऱ्या दिवशी घरी जा: एकदा शाळा सुटलेल्या मुलांसाठी छोट्या हायस्कूलची तयारी

शंभर-सव्वाशेचा पट, पाच-सहा शिक्षक, एक लिपिक, एक शिपाई आणि समुपदेशकाचं पदच नाही, अशी हायस्कुलं खेड्यापाड्यांत पुष्कळ. तिथे दर वर्षी चार-दोन मुलं अशी येतात की त्यांची शाळा आधी एकदा सुटलेली असते. कुणी दोन हंगाम आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं असतं, कुणी नववीत नापास होऊन गॅरेजवर लागलेलं, एखादीचं लग्न ठरून मोडलेलं. त्यांना पटावर घेणं सोपं, टिकवणं अवघड. असं मूल दुसऱ्यांदा शाळा सोडतं तेव्हा सांगून जात नाही. आधी बाजाराचा दिवस बुडतो, मग सोमवार, मग अख्खा आठवडा. म्हणून मुलांच्या सुरक्षेचा विचार करताना सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या कोटेशनआधी हजेरीपट हाती घ्या.

दाखल करताना

पहिली अडचण दाखल्याची. आधीच्या शाळेत फी थकली म्हणून दाखला अडलेला असतो, किंवा पालकांकडून तो हरवलेला असतो. पालकांना दहा हेलपाटे घालायला लावू नका, मुख्याध्यापकांनी थेट त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी मागणी करावी. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखल्यासाठी थांबवणं शिक्षण हक्क कायद्यात बसतच नाही. दाखला आला की नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. तफावत असेल तर दुरुस्तीचं काम त्याच आठवड्यात सुरू करा. दहावीचा अर्ज भरल्यावर चूक सापडली की ती थेट प्रमाणपत्रावर उतरते आणि मग मंडळाच्या विभागीय कार्यालयाच्या फेऱ्या ठरलेल्या. जन्मतारीख पक्की असण्याचं आणखी एक कारण पुढे येईल.

दुसरा प्रश्न, मुलाला कोणत्या वाटेनं न्यायचं. मूल रोज येऊ शकत असेल तर नियमित वर्गच उत्तम. कामावर जाणं सुटणारच नसेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज, आहे. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. अर्ज पावसाळ्यातच भरले जातात, दिवाळीनंतर आठवण झाली तर वर्ष गेलं. प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत गुणांसाठी मुलाला संपर्क केंद्राच्या शाळेत जावंच लागतं, हे पालकांना आधी सांगा. बरीच मुलं फक्त लेखी पेपरला उगवतात आणि तिथेच फसतात.

हंगामात बाहेर जाणाऱ्या मुलाची खरी अडचण अशी की मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आणि तेव्हा घरचे अजून फडातच असतात. अशा मुलाला एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था जास्त सोयीची. तिची परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते, दहावीला पाच विषय लागतात, नोंदणी पाच वर्षं चालते आणि मराठी माध्यमही आहे. एका बैठकीत दोन विषय सोडवून पुढचे नंतर दिले तरी चालतं. दहावीत एक-दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, ही गोष्ट ज्यांना कळायला हवी त्यांनाच नेमकी माहीत नसते.

पहिल्या आठवड्यात मुलाची पातळी पाहा, पण वर्गासमोर नको. मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं पुरतात. चौथीच्या पुस्तकातला एक उतारा मोठ्यानं वाचणं, हातच्याची वजाबाकी, दोन अंकी संख्येनं भागाकार आणि स्वतःबद्दल दहा ओळी, एवढंच घ्या. नववीत बसलेल्या मुलाला भागाकार येत नसेल तर बीजगणिताच्या तासाला ते फक्त भिंत बघत बसतं. त्याला रोज ४० मिनिटं वेगळी द्या, तीही शाळेच्या वेळेत. परिपाठात गुलाबाचं फूल देऊन स्वागत करण्याचा मोह आवरा. त्यानं अख्ख्या शाळेला कळतं की हा ‘परत आलेला’.

हजेरी

शाळा ११ वाजता भरत असेल तर साडेअकरापर्यंत गैरहजर मुलांची नावं एकाच माणसाकडे, शक्यतो लिपिकाकडे, गेली पाहिजेत. बारापर्यंत घरी फोन. प्रत्येक मुलाचे दोन नंबर ठेवा, आणि दुसरा नंबर शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानाचा घ्या, कारण घरातला एकुलता एक फोन सकाळीच वडिलांबरोबर शेतात जातो. नंबर जूनमध्ये घेतात आणि दिवाळीपर्यंत निम्मे बंद पडतात. दर दोन महिन्यांनी पालकांना मिस्ड कॉल देऊन तपासा.

सलग तिसऱ्या दिवशी मूल नाही म्हणजे घरी जायचं. दोघांनी जावं, मुलीच्या घरी जाताना त्यात एक बाई असावी: शिक्षिका, आशा सेविका किंवा अंगणवाडीताई. दारात उभं राहून “का पाठवत नाही?” विचारलं की पालक बचावाला लागतात. “बरं नाही का तिला?” असं विचारा, पाणी घ्या, आणि मुलीला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय उठू नका. आजारी असेल तर दिसेल. सणवार नसताना पंधरा वर्षांची मुलगी ‘मामाच्या गावाला’ गेली असेल तर त्या गावच्या शाळेला किंवा पोलीस पाटलांना फोन करून खात्री करून घ्या.

लग्नाची कुणकुण लागली तर थांबू नका. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) असतो. त्याच्यावरही गावाचं दडपण असतं, त्यामुळे १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवा. हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. तारीख ठरलेली असेल तर २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई करू शकतात. त्यासाठी वयाचा पुरावा लागतो आणि तो शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येच असतो. उतारा मागितला त्याच दिवशी सही-शिक्क्यानिशी द्या. “संस्थेच्या अध्यक्षांना विचारून सांगतो” म्हणत दोन दिवस घालवलेत तर तोवर अक्षता पडलेल्या असतात.

ऊसतोडीच्या पट्ट्यात बोलणी भाद्रपदातच व्हायला हवीत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की आईबापांच्या हातात काही राहत नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’, म्हणजे मजुरीचं एक एकक, धरली जाते, म्हणून वयात आलेल्या मुलांची लग्नं लवकर उरकण्याकडे कल असतो, हे लक्षात ठेवून बोला. मूल मागे ठेवायचं तर आजी किती धडधाकट आहे, रात्री घरात कोण झोपणार, धान्य कोण देणार, असे नेमके प्रश्न विचारा. हंगामी वसतिगृहांचा भर आठवीपर्यंतच्या मुलांवर आहे. त्यापुढच्यांसाठी तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह आहे का, जागा आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

वाटेचंही हजेरीशीच नातं आहे. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण धोका एसटीत फारसा नसतो. तो फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांत असतो. कोण कोणाबरोबर चालतं याची वस्तीनिहाय यादी करा आणि शेवटचा तास एसटीच्या वेळेला बांधा. एसटी चुकवणारे जादा तास घेऊ नयेत, मग गणिताचा अभ्यासक्रम कितीही मागे असो.

इमारत आणि तक्रारपेटी

मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी, पाणी आणि उजेड हवा. वापरात नसलेली खोली, जिना, गच्ची यांना कुलूप, आणि किल्ल्या एका जागी, नोंदवहीत सही करून. एकट्या मुलाला शिकवायचं तर दार उघडं. शिपाई, स्वयंपाकी, गाडीवाला, क्रीडा प्रशिक्षक, सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घ्या. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनं पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) यांबद्दल शाळांना पुन्हा सूचना दिल्या. समिती बहुतेक शाळांत आहे, निदान कागदावर. तिच्यात गावातली अशी एक बाई घ्या जिच्याशी मुली मोकळेपणी बोलतात. सरपंचांच्या सौभाग्यवतींना मान म्हणून घेऊन उपयोग होत नाही.

तक्रारपेटी रिकामी राहते त्याची दोन कारणं. एक तर ती मुख्याध्यापकांच्या दारासमोर, कॅमेऱ्याखाली टांगलेली असते. दुसरं म्हणजे छोट्या शाळेत अक्षर ओळखलं जातं. उपाय सोपा आहे: दर शुक्रवारी प्रत्येक मुलाला एकसारखी छापील चिठ्ठी द्या. ‘सगळं ठीक’, ‘कुणी त्रास देतं’, ‘मला बोलायचं आहे’, असे तीन चौकोन, फक्त खूण करायची. चिठ्ठी प्रत्येकानं टाकायचीच, मग कोणी काय लिहिलं हे कळत नाही. बोलायचं असेल त्यानं पटावरचा क्रमांक घालावा. पेटी उघडताना दोघं हजर हवेत.

पावसाळ्यात दोन गोष्टी बघा. साप चावल्यास करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चावलेला भाग हलू न देता १०८ रुग्णवाहिका बोलवायची. सर्पदंशाची लस नेमकी कोणत्या रुग्णालयात आहे हे जूनमध्येच विचारून फोनशेजारी लिहून ठेवा. विजांसाठी एका शिक्षकाच्या फोनवर ‘दामिनी’ ॲप हवं. इशारा आला की मैदान रिकामं करा आणि झाडाखाली कुणी थांबू नये.

मूल काही सांगतं तेव्हा

मूल लैंगिक छळाबद्दल बोललं तर ऐका, मध्ये तोडू नका. “कुणालाही सांगणार नाही” असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. “तू सांगितलंस हे बरं केलंस, आता मदत करू शकणाऱ्या माणसांना मला हे सांगावं लागेल” एवढं म्हणा. खोदून विचारू नका, तीच हकिकत तीन शिक्षकांसमोर वदवून घेऊ नका. त्याचेच शब्द, तारीख आणि वेळ घालून लगेच लिहून ठेवा.

२०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेनं आधी आपली चौकशी करून ‘तथ्य आहे का’ ते पाहायचं, अशी सोय कायद्यात नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. आरोपी शिक्षक असो वा संस्थाचालकांचा भाचा, पोलिसांत जायला कुणाची परवानगी लागत नाही. “गावातच मिटवू” म्हणणारे संध्याकाळपर्यंत येतातच, म्हणून फोन दुपारीच झालेला बरा. शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांत अहवाल पाठवा.

पालकांची भीती बहुतेक पोलीस ठाण्याची असते. त्यांना सांगा: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घेता येतो, होता होईतो महिला अधिकारी घेते, तिनं गणवेश घालायचा नसतो, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. मुलाचं नाव, फोटो, शाळेचं नावसुद्धा बाहेर जाता कामा नये. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपल्या शाळेतली ती मुलगी’ असं लिहिणंही महागात पडेल.

आता जन्मतारखेची गोष्ट. परत आलेली काही मुलं १८ पार केलेली असतात आणि वर्गात पंधरा वर्षांच्या मुलींबरोबर बसतात. दोघांचं प्रेम असलं तरी १८ खालच्या मुलीची संमती कायदा धरत नाही. हे मोठ्या मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच, वेगळं बसवून, कुणाचं नाव न घेता समजावून सांगा.

जीव नकोसा झालेलं मूल

वह्या-वस्तू वाटून टाकणं, “मी नसले तर बरं होईल” असं बोलणं, अचानक गप्प होणं, हे दिसलं तर सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. होकार आला तर मुलाला एकटं सोडू नका, अगदी स्वच्छतागृहातही बरोबर जा. पालकांना त्याच दिवशी बोलवा आणि मूल त्यांच्या हाती सोपवूनच घरी पाठवा. घरातली फवारणीची औषधं त्या संध्याकाळीच कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी जायला हवीत. गोठ्यात उंच ठेवली म्हणजे सुरक्षित झाली असं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन शाळेतूनच, शिक्षक शेजारी बसून करून द्या. नंबर लिहून दिला तर फोन होत नाही.

वर्षातला सगळ्यात नाजूक दिवस दहावीच्या निकालाचा. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि शिक्षक आपापल्या गावी. यादी आदल्या दिवशीच वाटून घ्या: काठावरची आणि परत आलेली मुलं, एका शिक्षकाकडे पाच-सहा. दुपारी निकाल लागल्यावर नापास झालेल्या प्रत्येकाशी संध्याकाळच्या आत बोलणं झालंच पाहिजे, आणि ते मुलाशी, फक्त वडिलांशी नव्हे. फोन लागला नाही तर वस्तीवरच्या माणसाला घरी पाठवा. पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते. राहिलेले विषय, अर्जाची शेवटची तारीख आणि फी एका चिठ्ठीवर लिहून दुसऱ्या दिवशी ती मुलाच्या हातात द्या.